हनिमूनसाठी कॅरिबियनमधलं सेंट लुशिया बेट नक्की झालंय, पण रिसॉर्ट कोणतं घ्यावं?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: दोघंही न्यू जर्सीत नोकरीला, फेब्रुवारीत आठवडाभराची सुट्टी, होणारी पत्नी शाकाहारी. आणि पेच असा, की खाण्यापिण्यासकट एकरकमी पैसे घेणारं उत्तरेकडचं मोठं रिसॉर्ट घ्यावं की पिटॉन डोंगरांसमोरचं महागडं. लग्नानंतर आम्ही दोघं याच बेटावर गेलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रिसॉर्टची नावं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी बेटाची बाजू ठरवा. बेट लांबीला जेमतेम ४३ किलोमीटर आहे. नकाशा बघून वाटतं, कुठेही राहिलं तरी सगळं हाताशीच असणार. पण मधला सगळा भाग डोंगर आणि दाट जंगलाचा, आणि रस्ते वळणावळणाचे. वरंध घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी सोबत ठेवावी. अमेरिकेतून येणारी मोठी विमानं दक्षिण टोकाला, हेवानोरा विमानतळावर उतरतात. तिथून पिटॉन डोंगरांजवळचं सूफ्रिएर गाव साधारण तासाभरावर, तर उत्तरेचं रॉडनी बे दीड तास किंवा त्याहून जास्त. उत्तरेला राहून रोज सूफ्रिएर बघू असं ठरवलंत तर निम्मा हनिमून गाडीतच जाईल.

माझा कौल सूफ्रिएरला, आणि तो मी अगदी मनापासून देते. पांढरी वाळू आणि निळं पाणी कॅरिबियनमध्ये अनेक बेटांवर मिळतं. समुद्रातून थेट उठलेले ग्रो पिटॉन आणि पेटी पिटॉन मात्र इथेच. पहिला जवळपास ८०० मीटर उंच, दुसरा थोडा बुटका, पण जास्त उभा. २००४ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. सकाळी डोळे उघडल्यावर हे दोन सुळके समोर दिसणं यासाठीच माणसं इतक्या लांब येतात.

या भागातली रिसॉर्ट्स एकमेकांसारखी नाहीत, म्हणून फोटोंवर जाऊ नका. जेड माउंटनच्या खोल्यांना चौथी भिंतच नाही. ती बाजू पूर्ण उघडी, समोर डोंगर, आणि बहुतेक खोल्यांना स्वतःचा पोहण्याचा तलाव. खोलीत टीव्ही नाही. रात्रभर बेडकांचा आणि रातकिड्यांचा आवाज येतो, आणि झोपायचं मच्छरदाणीत. मला हे फार आवडतं. ज्याला बंद खोली आणि एसी लागतो त्याने एवढे पैसे इथे घालू नयेत. त्याच्याच खाली, त्याच मालकीचं आन्स शास्टने आहे, बरंच स्वस्त. समुद्र तोच, आणि किनाऱ्यापासून चार हात मारले की प्रवाळ आणि मासे दिसू लागतात. वाळू मात्र ज्वालामुखीची, करडी-काळी. शुगर बीच दोन्ही पिटॉनच्या बेचक्यात आहे. तिथली पांढरी वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे, पण जागा देखणी यात वाद नाही. लडेरा उंच कड्यावर आहे. देखावा अप्रतिम, पण समुद्रात उतरायचं तर गाडीने खाली यावं लागतं. आणि बजेट आवरतं ठेवायचं असेल तर फाँ दू बघा. जुन्या कोकोच्या मळ्यातली छोटी घरं आहेत ती, समुद्र समोर नाही, पण झाडांवर लगडलेल्या कोकोच्या शेंगांमधून चालत न्याहारीला जायचं.

गुडघे दुखत असतील किंवा उंच चपला घालून मिरवायचं असेल तर डोंगरउतारावरच्या या जागांत पायऱ्या किती, हे आधी विचारा. पायऱ्या खरोखरच खूप असतात.

उत्तरेचा पर्याय वाईट आहे असं नाही. खाण्यापिण्यासकट एकरकमी पैसे घेणाऱ्या सँडल्स कंपनीची बेटावर तीन रिसॉर्ट्स आहेत, तिन्ही उत्तरेच्याच बाजूला. एकात राहिलं तरी बाकीच्या दोघांतही जेवता-खेळता येतं. समुद्र शांत, किनारा सपाट, शुक्रवारी रात्री ग्रोझिले गावात रस्त्यावर नाचगाणं आणि खाण्याचे ठेले. रोज बिल बघायचं नसेल, माणसांची जाग हवी असेल, तर तिथे जा. सात रात्री असतील तर मी चार सूफ्रिएरला आणि शेवटच्या तीन उत्तरेला काढेन. परतीच्या दिवशी विमानतळाला मात्र वेळ धरून निघा.

जेवणाचं. इथला राष्ट्रीय पदार्थ म्हणजे उकडलेली कच्ची केळी आणि खारवलेला मासा. म्हणजे शाकाहारी माणसाने गृहीत काही धरू नये. बुकिंग करताना लेखी कळवा: मांस नाही, मासा नाही, माशाचा रस्साही नाही, आणि अंडं चालतं की नाही तेही. कॅलालू नावाचं सूप आपल्या अळूच्या फदफद्याचं लांबचं भावंड, पण त्यात बहुतेकदा खेकडा किंवा मांस असतं, म्हणून विचारूनच घ्या. नीरफणस आणि अळूचे कांदे मात्र पोटभर मिळतील. १८५९ पासून भारतातून करारावर मजूर इथे आणले गेले, त्यामुळे रोटी आणि करी बेटावर कुणाला नवी नाही. आन्स शास्टनेत तर ‘अप्सरा’ नावाचं भारतीय वळणाचं रेस्टॉरंटच आहे.

फेब्रुवारी कोरडा, छान, आणि सर्वांत महाग. तारखा हलत असतील तर एप्रिलचा शेवट ते मे बघा. पाऊस फारसा नसतो आणि भाव उतरलेले असतात. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, त्यातही ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य टाळाच. भावाची तुलना करताना कर आणि सेवाशुल्क धरून एकूण आकडा मागा, आणि तो अमेरिकन डॉलरमध्ये आहे ना, तेही बघा. एक अमेरिकन डॉलर म्हणजे २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर, हा दर १९७६ पासून बांधलेला आहे.

आणि पैसे भरण्याआधी दोघांचे पासपोर्ट उघडून बसा. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाची मुदत संपली असेल, तर कॅनडा-मेक्सिकोहून ३० दिवसांच्या आत अमेरिकेत परत येण्याची जी सवलत आहे ती या बेटांना लागू नाही. जवळच्या बेटांसाठी ती फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाण) व्हिसावाल्यांना मिळते. मुदत संपलेली असेल तर आधी व्हिसा, मग रिसॉर्ट. भारतीय पासपोर्टला सेंट लुशियात शिरताना काय लागतं, तेही त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर त्याच दिवशी बघून घ्या.

तुमचं बजेट आणि एसीशिवाय झोप लागते का, एवढं खाली लिहिलंत तर यातलं एक नाव मी नक्की सुचवेन.