इलिश, चिंगरी आणि आपला तांबडा रस्सा

प्रश्न : काका, आमच्या गल्लीत फुटबॉलची मॅच जिंकली की मटण शिजतं. कोलकात्यात म्हणे जिंकणाऱ्या टीमप्रमाणं मासा बदलतो. खरं काय? आणि तिथं आपल्या पेठांसारखी ईर्षा असते का? – एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : अगदी खरं. तिथल्या दोन टीम ईर्षेच्या. ईस्ट बंगाल जिंकली की इलिश, म्हणजे हिलसा मासा; मोहन बागान जिंकली की चिंगरी, म्हणजे कोळंबी. ईस्ट बंगालचे बहुतेक पाठीराखे पूर्व बंगालातून आलेल्या घरांतले. पद्मा नदीचा इलिश म्हणजे त्यांचं सुटलेलं गाव. ती टीमसुद्धा ईर्षेतूनच जन्मली. १९२० साली मोहन बागानविरुद्धच्या मॅचला जोडाबागान क्लबनं शैलेश बोस या खेळाडूला बसवलं, त्या रागातून बाहेर पडलेल्यांनी नवा क्लब काढला. तालमीतून तालीम फुटावी तसंच हे.

१९९७ ला मी तिथं नोकरीला होतो. १३ जुलै, रविवार, फेडरेशन कपची सेमीफायनल. सॉल्ट लेक स्टेडियमवर १ लाख ३१ हजारांवर माणूस! मोहन बागानचे कोच अमल दत्त खेळाडू उभे करायच्या त्यांच्या 'डायमंड' रचनेवर खूश होते; मॅचआधी त्यांनी ईस्ट बंगालचा खेळाडू ओमोलो याला 'ऑम्लेट' म्हणून डिवचलं होतं. ईस्ट बंगालच्या बायचुंग भूतियानं हॅट्‌ट्रिक ठोकली, ईस्ट बंगाल ४-१ नं जिंकली. तिसऱ्या गोलला माझ्या पायाखालची पायरी हलत होती, हे आजही तळव्याला आठवतं.

सोमवारी सकाळी बाजारात इलिशच्या पाटीभोवती हीऽ गर्दी. माझे घरमालक कट्टर मोहन बागानवाले. ते पिशवीत फक्त बटाटे घेऊन आले. खसखशीतली बटाट्याची भाजी झाली, पण जेवताना कुणी बोललं नाही. रात्री मात्र शेजारच्या ईस्ट बंगालवाल्या घरातून इलिशचा डबा आला आणि घरमालकांनी तो घेतला.

ईर्षेचं म्हणाल तर त्यांनी तिची किंमत मोजलीय. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन टीमच्या मॅचला दंगा उसळला आणि १६ प्रेक्षक जिवानिशी गेले. घरमालक दरवर्षी त्या दिवशी गप्प असायचे.

आपल्या शाहू स्टेडियमवर एका फायनलला माझ्या पुढच्या पायरीवर दगड पडला. दहा-अकरा वर्षांच्या पोराची भुवई फुटली. आधीच तोंडभर गुलाल. रक्त कुठलं आणि गुलाल कुठला, ते त्याच्या बापाला कळेना. रुमाल ओला करून पुसलं तेव्हा जखम दिसली. ते पोरगं रडत नव्हतं, स्कोर विचारत होतं.

म्हणून म्हणतो, हलगी वाजवा, गुलाल उधळा, दुसऱ्या पेठेला चिडवा, लै चिडवा. आणि जिंकल्यावर रश्श्याचा एक डबा हरलेल्या पेठेतल्या मित्राच्या घरी नेऊन द्या. पांढराही द्या सोबत.