आजोबांच्या ट्रकचं ओरिजिनल स्टिअरिंग झिजलंय, तडे गेलेत. दुरुस्त करावं का? मुंबईत कोण करून देईल?

करा. तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात आठवण आहे, हात लावू नका. घरच्यांना विचारत बसूच नका, करून मोकळे व्हा. विचारलं की काय होतं ते मी बघितलंय, आमच्याकडे या एका चाकावरून घोडपदेव आणि ठाणे अशा दोन घरांमधला दिवाळीचा फराळ बंद झाला होता.

आमची फार्गो. नवीन पोरांना नावच माहीत नसतं. कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना होता, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी, लोकांना ती फक्त पद्मिनी टॅक्सीमुळे आठवते, पण त्याच्या कितीतरी आधी तिथे क्रायस्लरबरोबरच्या करारावर डॉज, डिसोटो आणि फार्गो असे ट्रक निघायचे. बिल्ले तीन, गाडी एकच. हे लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडेल. आजोबांनी ती सेकंडहँड घेतली आणि चालवली आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी. नारायणगाव, ओतूर त्या बाजूची भाजी भरायची, रात्री माळशेज उतरायचा आणि पहाटे भायखळ्याच्या मंडईत गाडी लावायची. १९९६ ला मंडई वाशीला गेली आणि तिथून गाडीचं जे थांबलं ते थांबलंच, आता गोवंडीला ओळखीच्या एका गोडाऊनमध्ये उभी असते.

पॉवर स्टिअरिंग वगैरे काही नाही, म्हणून चाक परातीएवढं, कारण जोर लावायला तेवढा घेर लागतो. आतून स्टीलची सळई आणि वरून कडक काळं रबर, एबोनाइट म्हणतात त्या जातीचं. स्टील आणि रबर उन्हात सारखं फुगत नाहीत, थंडीत सारखं आकसत नाहीत, त्यात रबर वर्षानुवर्षं वाळून आत ओढलं जातं आणि आतली सळई काही ऐकत नाही, मग ते फुटतं. पहिला तडा बहुतेक वेळा स्पोक जिथे कड्याला मिळतो तिथेच. आमचाही तिथेच होता, उजव्या हाताला, नख आरामात आत जाईल एवढा.

आता हा तडा दिसायला काही नाही. पण वळण घेतल्यावर चाक आपोआप परत फिरतं तेव्हा ड्रायव्हर ते तळहातातून सरकू देतो ना, त्या वेळी तड्याच्या दोन कडा कातडीला चिमटा काढतात. प्रत्येक वळणाला. माळशेजमध्ये वळणं किती ते तुम्हाला माहीत असेल. आप्पांच्या अंगठ्याखालचा मांसल भाग कायम चिरलेला असायचा, घरी आले की आई हळद दाबायची आणि आप्पा त्या चाकाच्या नावाने जे काही बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही. शेवटी वैतागून त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्यावर आवळून गुंडाळली आणि वडाळ्याला एकाकडून वरून लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या वायरची वेणी घालून घेतली, ट्रकवाले घालतात तशी.

आणि आमचा दादा, मोठ्या काकांचा मुलगा, ठाण्याला घोडबंदरला राहतो, वर्षातून एकदा दसऱ्याला येणार, स्टिअरिंगला झेंडूचा हार घालणार, बसून फोटो काढणार आणि फॅमिली ग्रुपवर टाकणार. गिअर कुठला कुठे आहे तेही विचारतो. मी चाक उतरवायचं म्हटल्यावर हाच माणूस ग्रुपवर लिहितो की त्याला हात लावू नकोस, त्यात आप्पांचा हात आहे. आहे ना! कातडीसकट आहे. ज्या माणसाने त्या तड्याला आयुष्यभर शिव्या घातल्या त्याची आठवण म्हणून तोच तडा जपायचा, हे लॉजिक मला आजपर्यंत कळलेलं नाही. आप्पांना परवडलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी चाक बदललं असतं. दादा म्हणतो मला भावना नाहीत. भावना आहेत म्हणूनच तर गोवंडीच्या त्या उकाड्यात, डास मारत काम केलं.

त्याचा दुसरा मुद्दा होता व्हिंटेज व्हॅल्यू. दुरुस्त केलं की किंमत जाते म्हणे. हे तुम्हालाही कोणीतरी सांगेल म्हणून लिहितो. २०२१ ला केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे जे नियम काढले ते ५० वर्षांवरच्या खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत, मालवाहू ट्रक त्यात बसतच नाही. आणि बसला असता तरी तिथे ‘मूळ रूप’ म्हणजे चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत एवढंच, स्टिअरिंगचा तडा बुजवला म्हणून कोणी नंबर काढून घेत नाही. हे मी ग्रुपवर टाकलं, त्यावर त्याने फक्त अंगठा दिला.

असो, तुमचं काम. चाक उतरवण्याआधी बॅटरी काढा (हॉर्नची वायर त्यातूनच जाते), पुढची चाकं सरळ करा आणि शाफ्ट (ज्यावर स्टिअरिंग बसतं तो दांडा) व हब (स्टिअरिंगचा मधला भाग) दोन्हीवर सेंटर पंचने एकासमोर एक खूण मारा. नट पूर्ण काढू नका, दोन-चार आटे ठेवा आणि पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, लावा, नाहीतर चाक सुटतं तेव्हा सरळ तोंडावर येतं. शाफ्टच्या डोक्यावर हातोडा मारणाऱ्या मेकॅनिकला गाडीजवळ येऊ देऊ नका, आटे गेले की मग खरंच रडायची वेळ येते.

आमची वेणी कापून ट्यूब सोलली तर आत काय, एवढ्या वर्षांचा घाम आणि पावसाचं पाणी ट्यूबखाली साठून सळईवर गंजाची पापडी, ब्लेडच्या टोकाने उचलली की अख्खी पापडी उचलली जायची आणि खाली स्टीलला खड्डे. म्हणजे दादाचं ऐकून अजून काही वर्षं तसंच ठेवलं असतं तर आठवण आतून सडली असती. त्याला फोटो पाठवला. उत्तर नाही.

आधी भांड्याच्या साबणाने चाक घासा, काळं पाणी यायचं बंद होईपर्यंत. डॅशबोर्ड पॉलिश कधी मारलं असेल तर ते सगळं गेलंच पाहिजे, त्यातलं सिलिकॉन राहिलं तर रंगात डोळे, म्हणजे गोल खळगे, पडतात. थिनर आधी कडेला, मागच्या बाजूला लावून बघा, काही चाकं रबराची नसून जुन्या प्लास्टिकची असतात आणि थिनरने चिकट होतात. मग तडा बुजवायच्या आधी तो मोठा करायचा. इथे लोक घाबरतात. पण बारीक फटीत मसाला आत जातच नाही, वरवर बसतो आणि पहिल्या उन्हाळ्यात निघतो. हॅकसॉच्या ब्लेडने आणि तिकोनी कानशीने व्हीच्या आकारात सळईपर्यंत उघडा, तीन-चार मिलिमीटर तरी रुंद, आणि तळाला थोडं आतून कोरा म्हणजे भरलेलं अडकून बसेल. कानस चालवताना गंधकाचा वास येईल, घाबरू नका, एबोनाइटमध्ये गंधक भरपूर असतो, पण मास्क लावा. सळई दिसली की वायर ब्रश, मग रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन), धुऊन कडकडीत वाळवा.

भरायला इपॉक्सीच. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका, सावकाश सुकणारं अरल्डाइट घ्या, मोठ्या खड्ड्याला एम-सील चालतं. आधी अरल्डाइटचा पातळ हात सळईला आणि कडांना, त्यावर पुटी. गॅरेजवाला लांबी (पत्र्याचे खड्डे भरायचा मसाला) लावतो म्हणेल, त्याला तिथेच नाही म्हणा, लांबी पत्र्यासाठी आहे, तुमचा घाम आणि हाताचा पीळ तिला झेपणार नाही. जरा फुगीर भरा आणि पूर्ण दिवस विसरून जा.

खरी मजा पुढे. आमच्या चाकाच्या मागच्या बाजूला बोटांसाठी खाचा आहेत, तुमच्याही असतील. चांगल्या राहिलेल्या भागावर जाड पुठ्ठा कापून कापून बरोबर बसेपर्यंत फर्मा केला आणि तो भरलेल्या जागेवर सरकवत कुठे उंच लागतंय ते बघत गेलो. खाचेसाठी पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळायचा, बोटाने घासलं तर खाच कधीच सारखी येत नाही. ८० नंबरने आकार, मग १२०, २२०, शेवटी ४०० पाण्यात. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, डोळे मिटून हात फिरवा, जोड बोटाला लागला तर अजून काम आहे.

झिजून गुळगुळीत झालेला भाग म्हणाल, तर जिथे तडा नाही तिथे भरू नका. वरून इपॉक्सीचा पातळ थर दिला तर तो कडेने सोलवटतो. नुसतं खरखरीत करून रंग द्या. म्हणजे आजोबांच्या हाताने आलेली झीज राहते, तडे जातात. हे दादाला कळवायची गरज नाही.

रंग टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) काळा, पण एकदम चकचकीत नको, सेमी ग्लॉस, जुन्या चाकाला आरसा शोभत नाही. प्राइमर मारल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील, ती भरून परत घासा. हार्डनरची वाफ छातीला वाईट असते, म्हणून हे काम घरी गॅलरीत करू नका, डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्या. आणि जून ते सप्टेंबर हातच लावू नका, मुंबईच्या त्या हवेत रंग पांढुरका पडतो. रंगानंतर आठवडाभर तरी चाक पकडायचं नाही.

हां, एक राहिलंच, हे आधी लिहायला हवं होतं. वरचं सगळं रबराच्या तड्यांबद्दल आहे. सळईच तुटली असेल, हब तडकला असेल, किंवा शाफ्टवर बसणारे दाते झिजून चाक हलत असेल तर दुरुस्ती नाही, वेल्डिंगही नाही. असं चाक भिंतीवर लावा, तिथे हार घाला, पण गाडीला दुसरंच. गाडी रस्त्यावर चालवणार असाल तर याच्यात तडजोड करू नका.

मुंबईत कुठे म्हणाल तर आयतं करून देणारा मला कोणी मिळाला नाही, म्हणून तर स्वतः केलं. चोर बाजारात चाकं मिळतात पण तिथे बहुतेकदा तडा बूट पॉलिशने झाकलेला असतो, नखाने खरवडून बघा. जुनं चाक शोधायचं तर कुर्ल्याला सीएसटी रोडला कपाडिया नगरच्या बाजूला भंगारवाल्यांकडे फिरा आणि तुमचीही फार्गो असेल तर फार्गोच मागत बसू नका, डॉज किंवा डिसोटोचं त्याच काळातलं चाक बहुतेक बसतं, फक्त आपलं हब बरोबर नेऊन दाते जुळवून बघा. पुलर, कानशी वगैरे नागदेवी स्ट्रीटला. रंगासाठी तुमच्या ओळखीचा पेंटर बरा, फक्त समोर उभे राहा.

गाडी कुठली ते लिहिलंच नाहीत तुम्ही. ते सांगा आणि तड्यांचे फोटो टाका, मागच्या बाजूचेही, स्पोकच्या मुळाशी जवळून. तिथे सळई हलताना दिसली तर वरचं सगळं रद्द समजा.