विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला हे खरं आहे का?

नाही. पण निव्वळ थाप आहे असंही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मुलीला शाळेच्या प्रोजेक्टात हे घालायचंय आणि व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज असा की १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण बघताना हेलियम शोधून काढला. यात तारीख खरी, ग्रहण खरं, साहेब खरा आणि किल्ला तर खराच, फक्त ही सगळी मंडळी त्या दिवशी एका जागी नव्हती. आम्ही देवगडकडचे लोक हे लहानपणापासून ऐकतो, पाहुणे आले की किल्ला दाखवताना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात त्या दगडी चौथऱ्यांपाशी थांबून हे सांगायचंच अशी पद्धत आहे, त्यामुळे नाही म्हटलं की गावातल्या काही लोकांना राग येतो.

१८६८ चं ते ग्रहण बघायला कोण कुठे होतं ते बघा. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला, इंग्रजांचा टेनंट पण तिथेच, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला, आणि जॉन हर्शेल (युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू) आपल्या जवळ म्हणजे जमखंडीला. आणि लॉकियर? तो इंग्लंडात. तेव्हा तो युद्धखात्यात कारकून होता, आकाश बघणं हा नोकरी सांभाळून केलेला नाद, आणि त्याने ऑर्डर दिलेला चांगला स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र, त्यात दिसणाऱ्या रेषांवरून पदार्थ ओळखतात) हातात यायला इतका उशीर झाला की ग्रहण होऊन दोन महिने उलटले.

इकडे जान्सेनला ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळा इतक्या ठळक दिसल्या की त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी, ग्रहण वगैरे काही नसताना, परत यंत्र लावलं आणि त्या ज्वाळांच्या रेषा दिसल्या. तिकडे लॉकियरने २० ऑक्टोबरला घरबसल्या तेच केलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, मग भांडण कशाला म्हणून फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

आता हेलियम ज्या पिवळ्या रेषेवरून ओळखला गेला तिचं. मीठ घातलेली पेज उतू जाऊन गॅसवर सांडली की ज्योत एकदम पिवळी भडकते ना, ते सोडियम. स्पेक्ट्रोस्कोपमधून बघितलं तर त्या पिवळ्याच्या अगदी जवळजवळ असलेल्या दोन रेषा दिसतात. सूर्याच्या कडेला जी पिवळी रेषा दिसली ती त्यांच्या शेजारीच, पण त्या दोघींपैकी एकीवरही बसत नव्हती. पॉगसनलाही ग्रहणात ती दिसली होती. लॉकियरने फ्रँकलंड नावाच्या केमिस्टला बरोबर घेऊन खटपट केली, पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना, म्हणून त्याने सूर्यावर नवीन मूलद्रव्य आहे असं म्हणायचं धाडस केलं. बरेच जण हसले. शेवटी १८९५ ला लंडनमध्ये रॅमसेने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून तोच वायू काढून दाखवला, तेव्हा सगळे गप्प.

मग आमचा किल्ला यात आला कुठून? तर लॉकियर विजयदुर्गला आला होता, नक्की आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला! तोपर्यंत तो सर झालेला, हेलियम बाटलीत भरून तीन वर्षं झालेली. मेलपोमीनी नावाची ब्रिटिश युद्धनौका मदतीला होती आणि मला यातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो की त्याने त्या बोटीवरच्या खलाशांनाच शिकवून कामाला लावलं, कोणी कॅमेऱ्याशी, कोणी वेळ मोजायला, कोणी सूर्याच्या प्रभामंडळाचं चित्र काढायला. भर दुपारी जेमतेम दोन मिनिटांचा अंधार आणि त्यासाठी एवढी तालीम. त्याच ग्रहणाला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे नायगमवाला जेऊरला यंत्रं लावून बसले होते, आपला माणूस, त्यांचं नाव मात्र कुठल्या मेसेजमध्ये येत नाही.

माझ्या मते ते कट्टे १८९८ च्या तळाचेच. साहेब एक, ग्रहणं दोन, आणि तीस वर्षांचा फरक लोकांच्या बोलण्यात पुसला गेला. पुढे १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा व्हायला लागला आणि गोष्ट आणखी पक्की झाली. असं काहीतरी चिकटवल्याशिवाय या किल्ल्याला भाव नाही असं थोडंच आहे, शिलाहारांपासूनचा किल्ला, शिवाजी महाराजांनी घेतला, आंग्र्यांचं आरमार इथे होतं आणि १७५६ ला इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी ते याच बंदरात जळालं, आणि २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत हा आहेच.

प्रोजेक्टात असं लिहू दे: "हेलियमची रेषा ओळखणारा लॉकियर १८९८ च्या ग्रहणाचा अभ्यास करायला विजयदुर्गला आला होता." बाईंनी लाल रेघ मारली तर २० ऑक्टोबर १८६८ ला कुठलं ग्रहण होतं ते नम्रपणे विचारायचं. खाली जुन्या सीडीचा स्पेक्ट्रोस्कोप करून चिकटवला तर अजून छान, यूट्यूबवर पद्धत सापडेल, फक्त सूर्याकडे थेट बघू देऊ नका.

आणि प्रत्यक्ष किल्ला दाखवायचा असेल तर मुंबई-गोवा हायवेवर तळेऱ्याला वळायचं. पावसाळ्यात शेवाळं धरतं, त्यामुळे दिवाळीनंतर या.