वाचकांचे प्रश्न : बास्केटबॉलवर लिहून पोट भरेल का?

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असून बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत तो बास्केटबॉल खेळत असे. उंची बेताचीच राहिल्याने खेळ मागे पडला, पण नाद सुटला नाही. पहाटे उठून अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचे सामने पाहतो आणि वह्या भरून टिपणे काढतो. आता त्याला बास्केटबॉल पत्रकार व्हायचे आहे. असा व्यवसाय खरोखर असतो का, आणि नाशिकमध्ये राहून त्याची सुरुवात करता येईल का? त्याच्या वडिलांचे म्हणणे आहे की आधी पदवी पूर्ण करावी.
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : असा व्यवसाय असतो, मात्र तो प्रामुख्याने अमेरिकेत. एनबीएमध्ये ३० संघ आहेत आणि मुख्य हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल या काळात एकूण १,२३० सामने होतात. तेथील मोठ्या वृत्तपत्रांचा एखादा वार्ताहर एकाच संघामागे हंगामभर गावोगाव फिरतो, सरावाला हजर राहतो, सामन्याआधी व नंतर खेळाडूंशी बोलतो आणि रात्री उशिरा मजकूर पाठवतो. याखेरीज कोणता खेळाडू कोणत्या संघात जाणार, ही बातमी सर्वांआधी देणाऱ्यांचा एक वेगळाच वर्ग आहे. त्यांतील शम्स शरानिया हे नाव आपल्या चिरंजीवांना ठाऊक असेलच. शिकागोच्या परिसरात वाढलेल्या, पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील या तरुणाने कॉलेजात शिकत असतानाच, जानेवारी २०१४ मध्ये, लुओल डेंग हा खेळाडू शिकागोच्या संघातून क्लीव्हलंडच्या संघात जात असल्याची बातमी दिली, तेव्हा तो आपल्या मुलाच्याच वयाचा होता. पुढे २ फेब्रुवारी २०२५ रोजी, आपल्याकडे रविवारची सकाळ असताना, नामांकित खेळाडू लुका डॉन्चिच डॅलसचा संघ सोडून लॉस एंजेलिस लेकर्स संघाकडे जात असल्याचे त्याने जाहीर केले, तेव्हा त्याचे समाजमाध्यमावरील खाते कोणीतरी बळकावले असावे असेच अनेकांना वाटले. बातमी खरी ठरली. हे नशिबाचे काम नाही. शेकडो माणसांशी वर्षानुवर्षे बोलत राहून आणि खात्री झाल्यावाचून एक ओळही न लिहिता मिळवलेली ती पत आहे.

या चित्राची दुसरी बाजूही घरात बोलली जावी. याच कामात त्याच्याआधी अग्रस्थानी असलेल्या एड्रियन वोज्नारोव्स्की यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पत्रकारिता सोडली आणि ते आपल्या जुन्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या कारभारात गेले. चोवीस तास फोनला बांधलेले आयुष्य फार काळ झेपत नाही. न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्राने २०२३ मध्ये आपला क्रीडाविभागच बंद करून ते काम आदल्या वर्षी विकत घेतलेल्या ‘द ॲथलेटिक’ या क्रीडाविषयक संकेतस्थळाकडे सोपवले. तिकडेही नोकऱ्या झाडाला लटकलेल्या नाहीत.

आपल्याकडे केवळ बास्केटबॉलसाठी नेमलेला वार्ताहर मराठी दैनिकात मी आजवर पाहिलेला नाही. क्रीडापानावर आधी क्रिकेट, मग कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ, आणि जागा उरलीच तर बास्केटबॉल. तरीही अधूनमधून असे दिवस येतात, जेव्हा संपादकाला हा खेळ समजणारा माणूस तातडीने हवा असतो. सतनामसिंग भामरा या भारतीय खेळाडूला २०१५ मध्ये एनबीएच्या नवोदितांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडले तेव्हा, भारतीय महिलांनी २०१७ मध्ये बेंगळुरूत आशिया चषकाचा ब गट (दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा) जिंकला तेव्हा, किंवा ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना हे एनबीएचे संघ मुंबईत दोन सामने खेळले तेव्हा. अशा चार दिवसांवर घर चालत नाही. म्हणून सर्व खेळांचा वार्ताहर म्हणून उभे राहावे आणि बास्केटबॉलमध्ये आपला हात कोणी धरणार नाही इतका अभ्यास ठेवावा, हाच मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

आता नाशिकविषयी. पहाटे साडेपाचचा एनबीएचा सामना जगभर लाखो लोक पाहतात आणि त्यावर लिहिणारे हजारो असतात. तिथे आपल्या मुलाच्या मताची कोणी वाट पाहत नसते. मात्र शहरातल्या शालेय किंवा जिल्हा स्पर्धेचा उपांत्य सामना मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या शंभरेक लोकांनीच पाहिलेला असतो, आणि त्याची नीट नोंद बहुधा कोणीच ठेवत नाही. त्याने तिथे जावे, गुणलेखकाच्या टेबलाजवळ जागा धरावी आणि स्वतःचा तक्ता भरावा : बास्केटवरील फेकीचे प्रयत्न, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी बिनअडथळा फेक), आक्रमणातले रिबाउंड (आपल्याच संघाची हुकलेली फेक परत मिळवणे), टर्नओव्हर (फेक न करताच चेंडू गमावणे). समजा, एका संघाने ४० मिनिटांत ६० फेकी व २० फ्री थ्रो घेतले, आक्रमणात १२ रिबाउंड मिळवले आणि १८ वेळा चेंडू गमावला. फ्री थ्रोची संख्या ०.४४ ने गुणून फेकींत मिळवावी, रिबाउंड वजा करावेत, गमावलेले चेंडू मिळवावेत. उत्तर सुमारे ७५ येते; संघाला चेंडूचा ताबा म्हणजेच गुण करण्याची संधी किती वेळा मिळाली, त्याचा हा अंदाज. इतक्या वेळा चेंडू ताब्यात येऊन संघाचे गुण ६२ झाले असतील, तर ‘दमदार आक्रमण’ असे लिहिणाऱ्याने सामना पाहिलेलाच नाही. हेच ६२ गुण एखाद्या संथ खेळणाऱ्या संघाने ६२ संधींत केले असतील, तर त्याचे कौतुक करणे योग्य ठरेल.

दूरध्वनीवरून आलेल्या निकालावर विसंबून मी स्वतः एकदा एका दैनिकात हरलेल्या संघाला विजेता ठरवले होते. दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या संघाचे प्रशिक्षक कार्यालयात आले, काहीही न बोलता त्यांनी पंचांची सही असलेला गुणतक्ता माझ्यासमोर ठेवला आणि ते निघून गेले. तेव्हापासून तक्ता पाहिल्याशिवाय मी निकाल लिहिलेला नाही.

वडिलांचे म्हणणे मला पटते, पण कदाचित त्यांच्या मनातल्या कारणासाठी नव्हे. एनबीएतील निम्म्या बातम्या वेतनमर्यादा (संघाने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करावा याची मर्यादा), करार आणि त्यांतील अटी यांच्या असतात. ताळेबंद वाचता येणारा मुलगा तिथे इतरांच्या पुढे राहील. पदवीनंतर नाशिकमध्येच एच.पी.टी. महाविद्यालयात किंवा मुक्त विद्यापीठातून, अथवा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेच्या शिक्षणाची चौकशी करावी. इंग्रजी पक्के हवे, याबद्दल दुमत नाही.

प्रश्न : मी बारावीत असून जिल्हा संघातून बास्केटबॉल खेळते. खेळाडू असल्याचा पत्रकारितेत उपयोग होतो का? मुलींना तिथे स्थान आहे का?
— एक खेळाडू, नाशिक रोड

उत्तर : दोन्ही प्रश्नांना एकच नाव पुरेसे आहे. जॅकी मॅकमलन विद्यापीठाच्या संघातून खेळल्या, पुढे बॉस्टन ग्लोबमध्ये अनेक वर्षे लिहीत राहिल्या, आणि २०१० मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमकडून (या खेळातील थोरांचा गौरव करणाऱ्या संस्थेकडून) पत्रकारांना दिला जाणारा कर्ट गाउडी पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. बचाव मॅन-टू-मॅनवरून (प्रत्येकाने एकेका प्रतिस्पर्ध्याला रोखणे) झोनवर (प्रत्येकाने मैदानाचा ठरावीक भाग सांभाळणे) केव्हा गेला, हे आपल्याला प्रेक्षकांपेक्षा आधी कळते, आणि ते शिकवून येत नाही. एक पथ्य मात्र आजपासून पाळावे. आपण खेळलेल्या सामन्याचा वृत्तांत आपण लिहू नये; तो मैत्रिणीकडून लिहवून घ्यावा आणि आपण त्याच स्पर्धेतील मुलांच्या गटाचे सामने लिहावेत.