पंखा कधी लावायचा, ते आधी लिहा

प्रश्न : मॅडम, आम्ही चौघे इंजिनिअरिंगच्या ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहोत. ‘आयओटी अँड एआय बेस्ड स्मार्ट ओनियन स्टोरेज सिस्टिम’ असा विषय घेतलाय (आयओटी म्हणजे इंटरनेटला जोडलेली उपकरणं). गाइड सरांनी सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, दोनदा परत केला. पहिल्यांदा ‘स्कोप क्लिअर नाही’ म्हणाले, दुसऱ्यांदा नुसतंच ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट कुठंय?’ आमच्यातल्या एकाच्या घरी निफाड तालुक्यात कांदा साठवायची चाळ आहे. डीएचटी 11 (तापमान-आर्द्रतेचा सेन्सर), एमक्यू 135 (वायूचा सेन्सर), ईएसपी 32 (हे सगळं चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि पंखा असं ठरवलंय. आर्द्रता 70 टक्क्यांवर गेली की पंखा सुरू होणार. एक जण 15,000 रुपयांत रिपोर्टसकट तयार प्रोजेक्ट देतो म्हणतोय. काय करावं?
– एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : पत्रासोबतचा सिनॉप्सिस वाचला. पहिल्या पानावर भारत कृषिप्रधान देश आहे, दुसऱ्यावर आयओटी म्हणजे काय, तिसऱ्यावर सेन्सरचे फोटो. कांदा खराब होतो हे मला थेट चौथ्या पानावर कळलं, तेही ‘स्पॉइलेज’ या एका शब्दात. तुमच्या सरांची बाजू मला पटली.

हसत नाहीये मी. 1988 साली मीही हेच केलं होतं. 8085 या प्रोसेसरवरचा टेंपरेचर कंट्रोलर, आणि दहा पानं नुसतं त्या प्रोसेसरचं कौतुक. आमच्या सरांनी एवढंच विचारलं, “हा बसवणार कुठे?” भट्टीला, की पाण्याच्या टाकीला? मला सांगता येईना. त्या रात्री घरी जेवले नाही.

तर आधी मित्राच्या वडिलांकडे जा. ‘स्पॉइलेज’ म्हणजे काय ते विचारा. ते तीन वेगळे शब्द सांगतील : घट, सड आणि कोंब. घट म्हणजे पाणी उडून वजन कमी होणं, ती कोरड्या उष्ण हवेत वाढते. सड ओलीने येते. कोंब फुटतो तो कांद्याची झोप संपली की. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र 2002 पासून आहे. तिथे कांद्याला गॅमा किरण देतात ते कोंब येऊ नये म्हणून, सडीसाठी नव्हे. तीन दुखणी, तीन औषधं. तुम्ही एक निवडा. पंखाच लावायचा असेल तर सड निवडा.

आता त्या पंख्याचं बोलू, कारण खरा प्रोजेक्ट तिथेच दडलाय आणि तुम्ही त्याला एका ओळीत उडवलंय. साध्या चाळीसाठी 25 ते 30 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता चांगली मानतात. म्हणून 70 च्या वर पंखा. पण श्रावणात निफाडला बाहेरचीच हवा कित्येकदा 90 टक्क्यांवर असते. पंखा तीच आत ओढणार. मग चाळ सुकेल की भिजेल?

हा प्रश्न मी माझ्या भावाला विचारला (त्याचीही चाळ आहे, आणि इंजिनिअरांबद्दल त्याचं मत फारसं बरं नाही). तो म्हणाला, “पावसाळी हवेत पंखा? येडे का?” तो अर्धा बरोबर आहे. टक्केवारी फसवी असते, कारण गरम हवेत पाणी जास्त मावतं. समजा ढिगात 30 अंश आणि 75 टक्के आहे. एका घनमीटर हवेत साधारण 23 ग्रॅम पाणी झालं. बाहेर रात्री 24 अंश आणि 90 टक्के. तिथे भरतं जेमतेम 20 ग्रॅम. म्हणजे आकड्याने ओली दिसणारी बाहेरची हवा खरं तर कोरडी आहे! आत येऊन 30 अंशांपर्यंत तापली की तिचे 63-64 टक्केच होतात. अशा रात्री पंखा लावलाच पाहिजे. उलट दुपारी बाहेर 30 अंश आणि 85 टक्के असेल तर तो बंदच हवा. तुमचा 70 टक्क्यांचा नियम दोन्ही वेळा पंखा लावेल. म्हणजे एक सेन्सर आत, एक बाहेर, आणि तुलना टक्क्यांची नाही, ग्रॅमची. हे गणित ईएसपी 32 हसत करेल.

मग प्रॉब्लेम स्टेटमेंट असं होतं : “पावसाळ्यात चाळीतला पंखा कधी लावावा आणि कधी लावू नये, हे आतल्या व बाहेरच्या हवेतल्या पाण्याच्या तुलनेवरून ठरवणे, आणि त्याने सड कमी होते का ते मोजणे.” शीर्षकातला एआय काढून टाका. एका चाळीच्या एका हंगामातून तो काय शिकणार? एमक्यू 135 पण काढा. तो अमोनियाला जागतो तसाच धुराला आणि अल्कोहोललाही. चाळीशेजारी कुणी बिडी पेटवली तरी बोंब मारेल.

डीएचटी 11 ऐवजी 22 घ्या. 11 ची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर भरवशाची नसते, आणि बाहेरच्या पावसाळी हवेचा खेळ त्याच्याच वरचा आहे. सेन्सर खरं बोलतो का हे तपासायला प्रयोगशाळा नको. वाटीत मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलं करा, विरघळवू नका. सेन्सरसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. आत 75 टक्के आर्द्रता होते. सेन्सर 81 दाखवत असेल तर सहा वजा करा. ही एक ओळ सिनॉप्सिसमध्ये असली, तर समोरचा परीक्षक खुर्चीत सरळ बसतो.

वेळापत्रकाने मात्र मला घाम फोडला. तुम्ही लिहिलंय : ऑगस्ट ते नोव्हेंबर अभ्यास, डिसेंबर-जानेवारी हार्डवेअर, फेब्रुवारीत चाळीत चाचणी. बाबांनो, फेब्रुवारीत चाळीत असेल काय? उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये भरतात आणि दिवाळीच्या आगेमागे चाळ रिकामी होते. रांगडा (खरीप आणि उन्हाळ यांच्या मधला) कांदा तेव्हा नुकताच शेतातून निघत असतो, आणि तो टिकत नाही म्हणून कुणी फारसा साठवतही नाही. कॉलेजचं वर्ष आणि कांद्याचं वर्ष जुळत नाही. त्यामुळे हा अंक हातात पडल्यावर आठवड्याभरात कच्चं का होईना पण यंत्र चाळीत लागलं पाहिजे. आकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जमवा, रिपोर्ट जानेवारीत सुबक करा.

मोजायचं कसं? पूर्ण चाळ नको. दोन कप्पे घ्या, एकात पंखा, दुसऱ्यात नाही, मध्ये एक कप्पा सोडा. प्रत्येकात खुणा केलेल्या 20 किलोच्या तीन जाळीदार गोण्या ठेवा. दर आठ दिवसांनी काट्यावर वजन करा आणि सडलेले, कोंब आलेले कांदे वेगळे मोजा. लोड सेलचा (वजनाच्या सेन्सरचा) खर्च वाचला. चाळीत वायफाय नसणार, म्हणून नोंदी मेमरी कार्डवर घ्या. मोबाइल नेटवर्कवरून आकडे पाठवायला साधा सिम800 हा जीएसएम मॉड्यूल लावणार असाल तर तो 2जी वरच चालतो, जिओचं सिम त्यात घालू नका.

‘आधी झालेलं काम’ म्हणून सात पेपर चिकटवलेत, बहुतेक न वाचता. त्यापेक्षा चितेगाव फाट्याच्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानच्या केंद्रावर एक दुपार घाला, आणि राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचं साठवणुकीवरचं लिखाण वाचा. बाकी फॉरमॅट, समास, बजेटचा तक्ता कॉलेज सांगेल तसं भरा.

आणि ते 15,000. त्यात दोन डीएचटी 22, एक ईएसपी 32, पंखा, गोण्या आणि निफाडच्या सगळ्या फेऱ्या होऊनही पैसे उरतील.

प्रश्न : सिनॉप्सिस इंग्रजीतच द्यावा लागतो. आमचं इंग्रजी कच्चं, म्हणून नेटवरची वाक्यं घेतो. चालेल का?
– एक विद्यार्थिनी, सिडको

उत्तर : नाही. आधी मराठीत लिही, घरी स्वयंपाकघरात आईला सांगतेस तसं. मग एकेक वाक्य छोट्या इंग्रजीत कर. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम. “वी विल मेझर वेट एव्हरी एट डेज” यात चूक काढायला कुणाला जमत नाही.