सांगलीच्या उन्हाळ्यात पाण्याने थंड होणाऱ्या हायड्रोजन फ्युएल सेलचे तापमान कसे राखावे? बोअरचे पाणी चालेल का?

बोअरचे पाणी चालणार नाही. डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेले, पाणीच वापरावे, पंपाचा वेग बदलून स्टॅकमध्ये (एकत्र रचलेल्या सेलच्या संचात) शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानातील फरक 5 ते 10 अंशांत ठेवावा, आणि शिरणाऱ्या पाण्याचे तापमान रेडिएटरच्या पंख्याने सांभाळावे. क्षारयुक्त पाणी वीजवाहक असल्यामुळे वेगवेगळ्या विद्युतदाबाच्या प्लेटांमधून गळती प्रवाह वाहतो व त्या गंजतात. आपल्याकडच्या गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर ज्यांनी खरवडला आहे, त्यांना क्षारांबद्दल वेगळे सांगायला नको. पीईएम (प्रोटॉन वाहून नेणारा पडदा असलेला) फ्युएल सेल साधारण 60 ते 80 अंशांवर चालतो आणि त्याची उष्णता इंजिनाप्रमाणे धुराबरोबर न जाता बहुतांशी पाण्यातूनच काढावी लागते, त्यामुळे बाहेर 40 अंश असताना रेडिएटर मोठाच हवा. मात्र सेल गरजेपेक्षा थंड ठेवल्यास आत पाणी साचून व्होल्टेज घसरते.