विज्ञानकथा ऐकून कळतात का, की वाचलेल्याच बऱ्या?

कळतात, चांगल्या कळतात. पण ऑडिओबुकात सगळी भिस्त वाचून दाखवणाऱ्यावर. रहस्यकथेत निवेदक थोडा कमी पडला तरी गोष्टच आपल्याला ओढून नेते. विज्ञानकथेत मात्र लेखकाला अधूनमधून थांबून समजावून सांगावं लागतं: यान का वळलं, हवा किती उरली. पुस्तकात अशा ठिकाणी आपण पान मागे उलटतो. मी ऐकतो ते यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या वावरात, रात्रीची लाईन, म्हणजे वीज, असली की हरभऱ्याला पाणी देताना. हात चिखलाचे, फोन खिशात, मागे जायची सोय नाही. म्हणून तेवढा परिच्छेद कसा वाचला, यावरच मी निवेदकाला पास-नापास करतो.

ज्याला ते विज्ञान स्वतःला कळलंय, तो तिथे आवाज चढवत नाही. जरासा हळू होतो, आकड्याआधी क्षणभर थांबतो, 'म्हणून' वर किंचित जोर देतो. ज्याला कळलेलं नाही, तो बातम्या वाचल्यासारखा सगळं एका दमात उरकतो. मराठीत आकड्यांचं आणखीच कठीण. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी: मोटारपंपाच्या आवाजात शेवटची अक्षरं बुडाली की दहा-वीसचा फरक पडलाच. आणि मंगळावरून पृथ्वीवर निरोप पोचायला ग्रहांच्या अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. हे ज्याच्या डोक्यात पक्कं आहे, तो असे संवाद समोरासमोर बसल्यासारखे वाचत नाही. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जागा सोडतो.

कापूस वेचायच्या दिवसांत मी फोन स्पीकरवर लावतो. एकदा अशी गोष्ट लागली होती, ज्यात कृष्णविवराजवळ गेलेल्या माणसाचा वेळ मंद चालतो. काकू पऱ्हाटीच्या पुढच्या ओळीत होती. बोंडातला हात तसाच ठेवून तिनं विचारलं, "म्हंजे थो वापस येईन तं त्याचे लेकरं म्हातारे झाले राहतीन?" सापेक्षतेचा सिद्धांत तिला कुणी शिकवला नव्हता. वाचणाऱ्या बाईंनी तो भाग इतका सावकाश आणि स्वच्छ वाचला होता की काकू स्वतःच तिथवर पोचली. निवेदन असं पाहिजे!

इंग्रजी चालत असेल तर अँडी वीअर यांचं 'प्रोजेक्ट हेल मेरी' ऐका. ते २०२१ चं आहे, वाचलंय रे पोर्टर यांनी, आणि २०२२ च्या ऑडी पुरस्कारांत ते वर्षाचं सर्वोत्तम ऑडिओबुक ठरलं. (आता थोडी गोष्ट फुटेल.) त्यातला परग्रहावरचा जीव शब्दांनी नाही, सुरांनी बोलतो. छापील पुस्तकात तिथे संगीताची चिन्हं आहेत आणि नजर त्यांवरून सरळ पुढे जाते. ऑडिओत ते सूर खरंच वाजतात. वाचण्यापेक्षा ऐकणं सरस, असं मी या पुस्तकाबद्दल बिनधास्त म्हणेन. यंत्राचा आवाज कसा काढावा हे मार्था वेल्स यांच्या मर्डरबॉट मालिकेत केव्हिन आर. फ्री यांच्याकडून ऐकावं: पत्र्यासारखा खणखणाट नाही, नुसता कोरडा, सावध सूर. पार्श्वसंगीत आणि स्फोटांचे आवाज मला नकोच असतात. बाहेर अवकाशात हवाच नाही, तर धडाका ऐकू येईल कुठून?

मराठीत नारळीकरांपासून सुरुवात करा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. त्यांची वाक्यं सरळ, समजावून सांगणाऱ्या माणसाची; मोठ्यानं वाचायला फार चांगली. पण काही मराठी निवेदक विज्ञानकथासुद्धा ऐतिहासिक कादंबरीच्या थाटात वाचतात, प्रत्येक वाक्याला तुतारी. आणि गावाकडचं पात्र आलं की असा हेल काढतात जो कुठल्याच गावचा नसतो. याचा मला खरोखर राग येतो. वऱ्हाडी बोलणारा माणूस दुर्बिणीतून तारे बघू शकतो आणि ते नीट सांगूही शकतो. त्याला साध्या आवाजात बोलू द्या.

घेण्याआधी नमुना ऐकालच, पण तो बहुधा सुरुवातीचा असतो आणि समजावण्याचा भाग तिथे क्वचितच येतो. परत करायची किंवा सदस्यत्वात बदलून घ्यायची सोय असेल, तर मधलं एखादं प्रकरण लावून बघा. वेग मात्र पहिल्या पुस्तकाला वाढवू नका. इंग्रजी असेल तर उलट थोडा कमीच ठेवा.